बिबा कोणाला उतला

माघ अर्धा झाला की कारंज्याच्या बाजारात डोंगराकडच्या गाड्या यायला लागतात आणि माझं डोकं दुखायला लागतं. दुकानातले लोक म्हणतात, शेठजींना ऊन बाधतं. माघात कसलं आलंय बाधणारं ऊन! गाड्यांतल्या पोत्यांत बिबे असतात. पिकल्या बोंडांचा आंबूस-गोड वास आणि त्याच्याखाली दुसरा एक जळका, तेलकट वास. तो नाकात शिरला की मी गादीवरून उठतो आणि मागच्या पडवीत जाऊन बसतो. यंदाही उठलो. गिऱ्हाईक समोर उभं होतं, ते बिचारं ताटकळत राहिलं.

बिबा आमच्या वऱ्हाडात कोणाला ठाऊक नाही? टाचेत काटा मोडला की बिबा सुईला टोचून दिव्यावर धरायचा आणि त्याचा चटका द्यायचा. शनिवारी दारावर लिंबू-मिरचीच्या जोडीला तोच. परीट कपड्यांवर खुणा करतो त्याही त्याच्याच तेलाच्या. काळं, कठीण, चपटं बी. त्याच्या कवचात काळं तेल भरलेलं असतं. ते अंगावर उडालं की कातडी भाजते, फोड येतात, म्हणजे बिबा उततो, आणि काहींना तर नुसत्या वाऱ्यानं अंग सुजतं. या सगळ्याच्या आत पांढरीशुभ्र गोडंबी बसलेली असते. बाळंतिणीच्या लाडवात, श्रीमंताघरच्या मिठाईत जी दाताखाली येते, ती हीच. इतक्या घाणेरड्या घरात इतकी गोड वस्तू देवानं का ठेवली, हे मला आजवर समजलेलं नाही. त्याच वस्तूवर माझं हे दुकान उभं आहे, म्हणून देवाला जाब विचारायचीही मला सोय नाही.

हा धंदा सुरू केला त्या वर्षी मी बावीस-तेवीसचा होतो. अकोल्याला मॅट्रिकमध्ये दोनदा आपटून गावी परतलो होतो. गाव आसेगावच्या पलीकडे, डोंगराच्या कुशीला. घरची शेती होती, खाऊन-पिऊन बरं चाललं होतं. पण शहराचं पाणी प्यालेला माणूस मी, मला ढेकळांत पाय घालायला लाज वाटत होती. अकोल्याच्या गणेशोत्सवात एका वक्त्यानं टेबलावर मूठ आपटून सांगितलं होतं, की नोकऱ्यांच्या मागे लागू नका, धंदा शोधा. आणि धंदाही असा शोधा की जिथं अजून कोणी बसलेलं नाही. मला ते इतकं पटलं की टाळ्या वाजवताना मी शेजारच्याची टोपी खाली पाडली होती. त्या वक्त्यानं आयुष्यात कधी तराजू हातात धरला होता की नाही, कोण जाणे. बोलायला काय जातं!

मग दिवाळीपासून मी कारंज्याला एका ओळखीच्याकडे राहून बाजार पालथा घातला. कापसाचा हंगाम भरात होता. जिनिंगचे भोंगे, गाड्यांची रांग पार गावाबाहेर गेलेली, आणि उडणारा कापूस बैलांच्या शिंगांना, बायकांच्या केसांना, चहाच्या कपाला चिकटलेला. मी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरायचो आणि प्रत्येक दुकानापुढे उभा राहून स्वतःला विचारायचो, इथं आपण बसू शकतो का? कापसाचे अडते पिढ्यान्‌पिढ्यांचे. सरकी, धान्य, कापड, भांडी, तंबाखू, सगळीकडे कोणी ना कोणी आधीच मांडी घालून बसलेलं. नुसत्या सुतळीचं एक दुकान होतं, त्याच्यासमोर सुतळीचंच दुसरं होतं.

शेवटी एका किराणावाल्याकडे मी गोडंबी मागितली. घरी वहिनी बाळंत व्हायची होती, म्हणून सहज. तो हसला. म्हणाला, "गोडंबी पाह्यजे तं सगळ्याइलेच पाह्यजे. पन आनते कोन? दिवाळीतच खतम झाली. तुमी आना, मी डोळे मिटून उचलतो."

त्या दिवशी मी आनंदानं चालत निघालो आणि गाडी पकडायचंही विसरलो. बिब्याची झाडं तर आमच्या बांधावर होती! लहानपणी त्याची केशरी बोंडं वाळवून खाल्ली होती. सगळ्यांना हवी अशी वस्तू, आणि ती करायला कोणी बसत नाही. वक्त्यानं सांगितलेली रिकामी जागा ती हीच. आजवर तिथं कोणी का बसलं नाही, हा प्रश्न मला पडला नाही असं नाही. वाटेत पडला होता. पण त्याचं उत्तर मी मनातल्या मनात देऊन टाकलं, की आपले लोक आळशी आहेत.

आता द्वारकेबद्दल लिहायला हवं. टाळून चालणार नाही.

द्वारका माझी बायको. माहेर अनसिंगकडचं. लग्नाला दोन वर्षं झाली होती. दिसायला चारचौघींसारखी, बोलायला कमी. पण तिची बोटं आमच्या पंचक्रोशीत प्रसिद्ध होती. आमच्याकडे उन्हाळ्यात लग्नघरी सरगुंडे करतात. गव्हाच्या पिठाची दोरी करून ती बारीक काडीवर गुंडाळायची, वाळली की काडीवरून अलगद काढायची, आणि मग आंब्याच्या रसाबरोबर जावयाच्या ताटात वाढायचे. पीठ जरा जाड झालं तर आतून कच्चं राहतं, पातळ झालं तर काडीवरच तुटतं. द्वारकेच्या हातचा सरगुंडा तुटत नसे. ती पिठाकडे पाहतसुद्धा नसे, शेजारणीशी बोलता बोलता बोटं आपली चाललेली असत. ज्या घरी लग्न ठरेल तिथून आधी तिला बोलावणं यायचं. सासरी नवी असून जाणत्या बायका तिला आपल्यामध्ये बसायला जागा करून द्यायच्या, आणि परत येताना तिच्या ओटीत खण असायचा. ती हे सगळं मिरवत नसे. पण उन्हाळा जवळ आला की तिची चाल बदलायची, हे मी पाहिलेलं होतं.

पाहिलेलं होतं, म्हणूनच तर घोळ झाला. बिबा फोडताना गोडंबी अख्खी निघाली तर तिला मान. तुकडा झाला की भाव पडतो. अख्खी काढायला बोटांत नेमका अंदाज लागतो. तो अंदाज माझ्या घरात फुकट पडून आहे, असा हिशेब मी केला. 'फुकट पडून' हे शब्द माझेच. मी ते त्या वेळी वडिलांसमोर मोठ्यानं उच्चारले होते.

फोडायची रीत शिकवायला मी डोंगरातल्या वस्तीवरून सकरीला बोलावलं. सकरी साठीची, काळीकभिन्न, हाताच्या पंजांवर जुन्या डागांची नक्षी. तिच्या वस्तीवरच्या बायका थोडेफार बिबे फोडत, मीठ-मिरचीपुरते. ती आली, ओसरीवर बसली, आणि तिनं पहिला प्रश्न विचारला, "बाईले टिपका लावला काय?"

"कसला टिपका?"

"बिब्याचा. कोपराच्या आतून एक टिपका लावाचा न् आठ दिस थांबाचं. उतलं तं त्या मानसाले बसवाचं नाही. आमच्यात पोरीले बी आंधी टिपका लावतात, मंगच दगड हाती देतात. न् रोज नाही फोडत आमी. एक दिस फोडलं का तीन दिस आराम."

मला घाई होती. किराणावाल्याला लग्नसराईच्या आत माल हवा होता. शिवाय एक दिवस काम आणि तीन दिवस आराम ऐकून तर मला वाटलं, हेच ते! हाच तो आळस, ज्याच्यामुळे जागा रिकामी राहिली. मी म्हणालो, "आमच्याकडे टिपका-बिपका काही नाही. तू फक्त रीत दाखव."

सकरीनं पदर कमरेला खोचला. मग म्हणाली, "उतंन, मालक."

या एका शब्दावर मी वीस वर्षं विचार केला आहे. आपल्या भाषेत दूध उततं, बिबा अंगावर उततो, आणि चार पैसे आले की माणूसही उततो, उततो-माततो. तिला काय म्हणायचं होतं ते न कळण्याइतका मी खुळा नव्हतो. पण मला थट्टा सुचली. "उतू दे की!" मी म्हणालो. "आमच्या घराण्यात अजून कोणी उतलं-मातलं नाही. आपणच सुरुवात करू!" ओसरीवर वडील हसले, मी हसलो. दाराआडून द्वारकेच्या बांगड्या वाजल्या, तेव्हा मला वाटलं तीही हसली.

मग रोज सकाळी मागच्या अंगणात ती बसायची. समोर पाटा, हातात लहानशी हातोडी, शेजारी राखेचं घमेलं. आधी हाताला-तोंडाला तेल चोपडायचं, मग राख. बिबा उभा धरायचा आणि कडेवर एकच टोला. टोला चुकला की काळी पिचकारी उडायची. पहिल्या दिवशी तिनं टोपलीभर फोडले आणि एकही गोडंबी तुटली नाही. सकरीसुद्धा बघत राहिली. मी पांढऱ्या गोडंब्यांनी भरलेलं सूप उचलून घरभर नाचवलं. आई म्हणाली, सुनेच्या हाताला यश आहे. फाल्गुनातली ती सकाळ मला अजून दिसते. पळसाला फुलं आली होती, अंगणात राख उडत होती, आणि द्वारकेच्या कपाळावर कुंकवाच्या शेजारी एक बारीक काळा थेंब उडालेला होता. तो मी पाहिला. पुसला नाही.

चौथ्या दिवशी तिला डोळे उघडता येईनात. तोंड सुजून ओळखू येईना. हातांवर फोड, मानेवर फोड, जिथं हात लागला तिथं फोड. आईनं ताकाच्या घड्या ठेवल्या, चिंचेच्या पाल्याचा रस लावला, खोबरं वाटून थापलं. आठवडाभर ती अंधाऱ्या खोलीत पडून होती. खाज सुटली की तोंडात पदराचा बोळा धरायची, कारण खाजवलं की आणखी पसरतं. सकरी एकदा येऊन दारातून पाहून गेली.

आणि फोड सुकले तसा मी खोलीत गेलो आणि म्हणालो, "सुरुवातीला असं होतंच. मग अंगवळणी पडतं."

हे वाक्य मी कुठून आणलं होतं? मला कोणी सांगितलं नव्हतं, कुठं वाचलं नव्हतं. गरज पडली आणि तोंडातून आलं. ती उठून पुन्हा पाट्यापुढे बसली. आणि गंमत अशी की खरंच अंगवळणी पडलं. तोंड पुन्हा कधी तसं सुजलं नाही. फक्त हात काळे पडले, नखं खालून सुटली, बोटांची टोकं गाडीच्या धुऱ्यासारखी राठ झाली. मी गाडी जोडून कारंज्याला पोती घेऊन जायचो, तिथं किराणावाला उठून उभा राहायचा, चहा मागवायचा. परतताना बैलांना मी गाणी म्हणायचो. माझा आवाज अगदीच वाईट, पण रस्त्यात अडवणार कोण?

चैत्र सरला आणि मोठ्या मायच्या, म्हणजे माझ्या चुलतीच्या, नातीचं लग्न निघालं. मांडवात बायका सरगुंडे करायला जमल्या. द्वारकेला बोलावणं आलं होतं. सकाळीच तिनं हात शिकेकाईनं घासले, लिंबू चोळलं, तिळाचं तेल लावून पुन्हा धुतले. नवं लुगडं नेसली. मी मांडवाच्या बाहेर माणसांत पान खात बसलो होतो, म्हणून हे पाहिलं. तिनं पिठाचा गोळा घेतला, दोरी काढली, ती तुटली. पुन्हा काढली, तुटली. बोटांना पीठ कळतच नव्हतं. आजूबाजूच्या बायकांचं बोलणं हळूहळू थांबलं. मग एक बाई हळूच आपली परात मागं सरकवून घेते, ते मी पाहिलं. नवरीच्या अंगाला हळद लागायची होती. बिब्याचा हात लागलेलं काही नको, अशी भीती. त्यांचंही चूक म्हणता येत नाही.

मोठी माय मायेची बाई. ती उठून जवळ आली आणि म्हणाली, "द्वारके, तू बस माय जराशी तिकडं. थकली असशीन. गानं म्हन आमच्यासाठी."

द्वारका उठली, खांबाला टेकून बसली आणि हात पदराखाली घेतले. गाणं काही म्हटलं नाही.

घरी आल्यावर ती मला म्हणाली, "आज माह्या हातानं पीठ वळलं नाही." बस, एवढंच. त्या सबंध हंगामातली तिची ही एकच तक्रार. तिला तक्रार म्हणायचं असेल तर. आणि मी, मॅट्रिक नापास, नवा व्यापारी, काय म्हणालो असेन? म्हणालो, "आता तुला पीठ वळायची गरज काय? शेठाणी होशील!" आणि हसलो. बिबा तिला उतला होता तो सगळ्या गावाला दिसत होता. मला उतला होता तो मात्र मलाच दिसत नव्हता.

शेठाणी झालीच ती. पुढच्या वर्षी कारंज्याला गाळा घेतला, मग फोडायला वस्तीवरच्या बायका ठेवल्या, मग सुकामेवा, मग किराणा. द्वारकेनं पुन्हा बिब्याला हात लावला नाही, लावायची वेळ मी येऊ दिली नाही, असं मी लोकांना सांगतो. खरं असं की तोवर तिची बोटं अख्खी गोडंबी काढायच्याही कामाची उरली नव्हती. डाग हळूहळू फिके झाले. उजव्या हाताच्या तीन बोटांना मात्र आजही गरम-थंड कळत नाही. चुलीवरून भांडं ती डाव्या हातानं उतरवते. पुढच्या उन्हाळ्यात गावातली दोन लग्नं झाली, तिला बोलावणं आलं ते जेवणाचं. ती गेली, जेवली, आली. त्यानंतर आमच्या घरात सरगुंडे झाले नाहीत. जावई आले तर मी विकतच्या शेवया आणतो.

बाजारात मात्र माझं नाव झालं. तरुण पोरं विचारायला येतात, कोणता धंदा करावा? मी गादीला टेकून सांगतो, जिथं कोणी बसलं नाही ती जागा शोधा. माना डोलावतात. त्या वक्त्याची मूठ कधी माझ्या हातात आली ते मला कळलंच नाही. एकालाही मी असं सांगितलं नाही, की बाबा रे, जागा रिकामी दिसली तर आधी विचार, इथं कोणाला बसवायचा तुझा बेत आहे?

परवा माझा भाचा किसन आला. लढाईमुळे बाहेरचा सुकामेवा बंद झालाय, गोडंबीला कधी नव्हे तेवढा उठाव आहे, हे त्यानं हेरलं. पोरगा हुशार आहे. गावी स्वतः फोडायचं काम काढायचं म्हणतो. बरोबर त्याची बायको होती, कौसी, लग्नाला सहा महिने झालेली. पडवीत आम्ही चौघं बसलो होतो. किसन म्हणाला, "मामी, हिले जरा रीत शिकवून द्या ना. हिचे हात लय बारीक कामाचे हायेत."

द्वारकेनं कौसीचा हात ओढून आपल्या मांडीवर घेतला. उलटा केला, सुलटा केला. डाव्या हाताच्या बोटांनी तिच्या बोटांची टोकं एकेक करून दाबून पाहिली. मग मान वर न करता म्हणाली, "किसन, तुले हात नाहीत काय?"

किसन हसला. "मी फोडत बसलो तं बाजार कोन पाहीन, मामी?"

किसननं माझ्याकडे पाहिलं. "मामा, तुमीच सांगा ना मामीले."

मी काय सांगणार होतो? मी एकही बिबा फोडलेला नाही. सबंध हंगामात एकही नाही. पोती बांधली, गाडी हाकली, सूप नाचवलं. पण पाट्यापुढे एक सकाळसुद्धा बसलो नाही, आणि बसावं असं मनातही आलं नाही. मी माझे हात धोतराच्या काठाखाली सरकवले. "मला काय विचारतोस?" मी म्हणालो. "जिला बसायचंय तिला विचार."

"काय वं?" किसन म्हणाला.

"मले नाही बसाचं," कौसी म्हणाली.

सहा महिन्यांची सून, परक्या घरात, थोरामोठ्यांसमोर, डोक्यावरचा पदरही न सावरता, इतक्या सहज बोलली की माझ्या डोक्यात तिडीक गेली. काय ही आजकालच्या पोरींची जीभ, असं ओठांपर्यंत आलं होतं. द्वारका अजून तिचा हात धरून होती. ती हळूच, आपल्याशीच बोलावं तशी म्हणाली, "मले असं म्हनताच आलं नोतं, पोरी."

मी डोळे मिटून भिंतीला टेकलो. म्हणता आलं असतं तिला, तर मी ऐकलं असतं का? त्या फाल्गुनात, त्या अंगणात, हातात सूप घेऊन उभा असताना? आतासुद्धा, या वयात, दुसऱ्याच्या बायकोनं नाही म्हटलं तर माझ्या डोक्यात तिडीक गेली. नसतं ऐकलं.